मोहाखालची काळी जमीन

फागुन लागला की मी सकाळी झाडू घेऊन घराबाहेर पडतो आणि आमच्या गल्लीची फुकटात करमणूक होते. कोपऱ्यावर एक मोकळा प्लॉट आहे. मालक नागपूरला की कुठे राहतो, मी त्याला कधी पाहिलेलं नाही. प्लॉटवर बाभळी आहेत, पिशव्यांचा कचरा आहे, कुणीतरी आणून टाकलेली फुटकी टाकी आहे आणि मधोमध एक मोहाचं झाड आहे. चंद्रपूर वाढत वाढत इथवर आलं तेव्हा आजूबाजूची सगळी झाडं गेली, हे एक कसं राहिलं देव जाणे. मी त्याच्याखालचा पाला गोळा करतो, पिशव्या उचलतो, दगड बाजूला लावतो. बुंध्याभोवतीची वाटोळी जमीन मोकळी झाली की घरी येऊन चहा टाकतो.

समोरच्या कुंभारेबाई त्या वेळी नेमक्या फाटकाशी उभ्या असतात.

"गुरुजी, काऊन येवढा तरास घेता? नगरपालिकेचा माणूस येते ना."

"येतो आणि सावलीत बसून बिडी पितो."

"अन् फुलं तं एकबी नेत नाई तुमी. मंग साफ करता कोणासाठी?"

"ज्याचं झाड असेल त्याच्यासाठी."

"त्याले तं पत्ताच नाई!"

"नसू दे."

बाई आत जातात आणि नवऱ्याला काहीतरी सांगतात. काय सांगतात ते मला ठाऊक आहे. बायको गेल्यापासून गुरुजींचं जरा बिनसलंय, असं गल्लीचं मत आहे. अगदीच खोटं नाही ते. घर मोठं झालंय, कुकरची एक शिट्टी झाली की स्वयंपाक संपतो, आणि दुपारी कधी कधी माझाच खोकला ऐकून मी दचकतो. पण या झाडूचा त्याच्याशी संबंध नाही. झाडू जुना आहे. लग्नाच्याही आधीचा.

तेव्हा चंद्रपूर चांदा होतं आणि चांदा मध्य प्रदेशात होता. मी नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकत होतो, शेवटच्या वर्षाला. आमचे प्राध्यापक फार तिखट माणूस. वर्गात बसून पानं-फुलं चिरणाऱ्यांना ते भाजीवाले म्हणायचे. "जंगलात एक हंगाम काढा, मग मला सांगा तुम्हाला झाडं कळतात," असं म्हणून त्यांनी आम्हा दोघांना आलापल्लीच्या जंगलात पाठवून दिलं. मी आणि गोविंद. गोविंद नागपूरच्या वकिलाचा मुलगा, गोरा, बडबड्या, कुठल्याही गोष्टीवर हसणारा. मी चांद्याजवळच्या मूल गावचा. वडील लवकर गेले, मामांच्या आधारावर शिकलो. मामांची भाताची गिरणी होती आणि तिथल्या गादीवर मी बसावं ही त्यांची इच्छा. वाईट नव्हते मामा. पण गिरणीचा तो कोंडा, तो पट्ट्याचा फटफटाट, आणि समोर बसून दिवसभर पोती मोजणं! माझ्या अंगावर काटा यायचा. सरांनी सांगून ठेवलं होतं, की या हंगामाचं काम ज्याचं चांगलं होईल त्याला ते आपल्या हाताखाली संशोधनाला घेतील. म्हणजे माझ्यापुढे दोनच दारं होती. एक सरांच्या प्रयोगशाळेचं आणि दुसरं गिरणीचं.

सरांचा प्रश्न साधा होता. मोहाखाली दरसाल ढिगानं बिया पडतात, पावसात उगवतात, मग जंगलात लहान मोह दिसत का नाहीत? म्हातारे मोह दिसतात, मधले दिसतात, पोरं कुठे जातात? आम्ही एखाद्या झाडाखालच्या जमिनीत खुंट्या ठोकून सुतळीचे चौकोन आखायचे, चौकोनातल्या बोटभर रोपट्यांवर हंगामभर नजर ठेवायची. कुठलं वाळलं, कुठलं किड्यानं खाल्लं, कुठलं तगलं.

आता असं झाड मिळायला हवं होतं, की ज्याच्याखाली रोपटी आहेत. नाकेदार महादूभाऊंनी, म्हणजे त्या भागाच्या फॉरेस्ट गार्डनं, ते दाखवलं. आलापल्लीपासून आत, माडियांच्या एका लहान गावाच्या शिवेवर. त्या झाडाचं घर गाव सोडून गेलं होतं. हे मला आधी कळेना. झाडाचं घर म्हणजे काय? महादूभाऊ म्हणाले, "बाबू, इथं मोह जंगलात असला तरी घराघराचा असते. हा याचा, तो त्याचा. याचं घर उठून गेलं नदीपलीकडे. तवापासून कोणी हात नाई लावत." गुडघाभर पाला साचला होता तिथे, आणि पाल्याखाली रोपटीच रोपटी. महादूभाऊंनी बुंध्याला गेरूचं कडं ओढलं, म्हणजे कुणी तोडू नये. आम्ही खुंट्या ठोकल्या. सुतळीचे चौकोन उन्हात इतके नीटस दिसत होते, की गोविंदनं त्यांच्याभोवती नाचून घेतलं.

मग गोविंदला हिवताप आला. दात कडकड वाजायला लागले, डोळे पिवळे झाले, आणि लाकडाच्या ट्रकमध्ये घोंगड्यात गुंडाळून त्याला बल्लारशाला रवाना केलं. ट्रकमधूनही तो ओरडला, "माझी रोपटी उपाशी मारू नको रे!" धूळ खाली बसली आणि मी एकटा उरलो.

एकटेपणाचं मी पुष्कळ ऐकलं होतं. पण ते इतकं कानांनी येतं हे कुणी सांगितलं नव्हतं. मी राहत होतो ती नाकेदाराची रिकामी खोली सागाच्या राईला लागून होती. माघात सागाची पानं गळतात. सुपाएवढं वाळलेलं पान फांद्यांना आपटत, खरडत खाली येतं, आणि जमिनीवर पडताना अगदी चपलेचं पाऊल पडल्यासारखा आवाज होतो. मी भात ढवळत असायचो आणि बाहेर कुणीतरी यायचं. उठून दारात जायचो. पान असायचं. पुन्हा आत आलो, की पुन्हा कुणीतरी यायचं. पहिले काही दिवस मी स्वतःला हसलो. नंतर हसणं बंद झालं, दारात जाणं मात्र चालू राहिलं.

तांदूळ मी दोघांचाच घ्यायचो. हात तसा पडून गेला होता. गूळ बांधून आलेला कागद मी इतक्यांदा वाचला, की त्यातली कुठल्याशा बैलबाजाराची जाहिरात मला आजही तोंडपाठ येईल. वारा तिकडून असला, तर आलापल्लीच्या आरागिरणीची किरकिर ऐकू यायची. ती ऐकायला मी मुद्दाम टेकाडावर जाऊन बसायचो. माणसं आहेत, कुठेतरी माणसं लाकूड चिरत आहेत, एकमेकांना शिव्या देत आहेत, एवढं कळलं की बरं वाटायचं. आणि पळस फुलला होता सगळीकडे. इतका सुंदर दिसत होता आणि "अरे, बघ!" म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. मी रडलो एकदा. वीस-बाविशीचा घोडा, पण रडलो. सरळ आलापल्लीला चालत जावं, पहिला ट्रक पकडावा आणि गिरणी तर गिरणी, असं रोज वाटायचं.

अशा दिवसांत जुरीबाई भेटली.

तिचा मोह माझ्या मोहापासून हाकेच्या अंतरावर होता. वय सांगणं कठीण, माझ्या आईहून मोठी असेल. कपाळावर गोंदण, गळ्यात मण्यांचे सर, हातात कोयता. नवरा नव्हता. मुलगी इंद्रावतीपलीकडे दिलेली, येणं-जाणं वर्षातून एखादं. गावातल्या बाकीच्या बायका मला बघून पाठ फिरवायच्या. ही मात्र एके सकाळी सरळ येऊन माझ्या चौकोनांशी उकिडवी बसली आणि मी काय करतोय ते बघत राहिली. तिला मोडकं मराठी येत होतं, आलापल्लीच्या बाजारातलं. त्यात अहो-जाहो नव्हतंच. रेंजरसाहेबालाही ती 'तू'च म्हणायची, असं महादूभाऊ हसत सांगायचे.

"काय करून राह्यला?"

"रोपं बघतोय बाई."

"खाशील?"

"नाही. नुसतं बघतोय."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरा हायेस ना तू?" म्हणाली.

मी बरा आहे का, हे त्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी म्हणालो, "बरा आहे." आणि आवाज चिरका निघाला. ती येण्याआधी दोन दिवसांत मी तोंडच उघडलं नव्हतं.

मग ती रोज यायला लागली. यायची म्हणजे तिच्या झाडाकडे जाताना वाकडी वाट करून माझ्याकडून जायची. कधी पानाच्या द्रोणात जावा आणायची, तांदळाच्या कण्यांची आंबूस पेज. मी तिला चहा द्यायचो. चहा तिला मुळीच आवडायचा नाही. तोंड वेडंवाकडं करून प्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायची. आम्ही बोलायचो तरी काय! ती गोंडीत काही सांगायची, मी मराठीत काही सांगायचो, मधल्यामध्ये चार शब्द जुळायचे. पण सकाळ झाली की मी अंघोळ करून, केस विंचरून बसायला लागलो. आता कुणीतरी येणार होतं.

एकदा तिनं माझी उलटतपासणी घेतली.

"बायको?"

"नाही."

"माय?"

"आहे. तिकडे मूलला."

"बहीण? भावाची बायको?"

"नाही गं बाई, इथं माझं कोणी नाही."

तिनं माझ्या झाडाकडे पाहिलं, गुडघाभर पाल्याकडे पाहिलं. जीभ टाळूला लावून टक् आवाज केला. मला वाटलं, कीव केली बिचारीनं, झालं. मी रोपट्यांकडे वळलो. त्या वेळी रोपटी फार छान होती. काहींना तांबूस कोवळी पालवी फुटत होती. एकेकाची खोडं मी बोटांनी चाचपायचो. हे काम चांगलं होणार, सरांचं दार उघडणार, असं पहिल्यांदाच मनापासून वाटत होतं.

एक गोष्ट मी त्या गावात पाहिली होती. एका घरात सगळी तापानं आडवी होती. त्यांचा मोह लवकर फुलला आणि फुलं टपटप खाली पडली. पिवळसर, रसाळ, नुसत्या वासानं गोड. दोन दिवस तशीच पडून राहिली. मुंग्या लागल्या, आंबली. येता-जाता सगळ्या बायका बघत होत्या, एकीनंही फूल उचललं नाही. मी जुरीबाईला विचारलं, "वाया चाललीत, तुम्ही का नेत नाही?" ती म्हणाली, "दुसऱ्याचं झाड." मी म्हणालो, "त्यांना नेऊन द्या." तर म्हणे, "खालून उचललं का चोरी. त्यानं हातानं देल्लं तं घ्याव." एवढं बोलून ती आपल्या वाटेनं गेली. तिच्या दृष्टीनं त्यात समजावण्यासारखं काहीच नव्हतं.

मीठ-रॉकेल संपलं म्हणून मी आलापल्लीला गेलो. तिथं एका कारकुनाच्या घरी मुक्काम झाला, गप्पा झाल्या, पोटभर वरणभात झाला. परत येताना लांबूनच वास आला, जळक्या पाल्याचा. जंगलात त्या दिवसांत तो वास सगळीकडेच असतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही. झाडापाशी पोहोचलो आणि हातातली बाटली खाली ठेवली.

माझ्या मोहाखालची जमीन काळी झाली होती. वाटोळी, स्वच्छ, एक काडी नाही, एक पान नाही. कडेला हिरव्या फांदीनं झोडपून विस्तव विझवल्याच्या खुणा होत्या, म्हणजे आग रेषेबाहेर वीतभरही गेली नव्हती. माझ्या सगळ्या खुंट्या उपटून बुंध्याला टेकवून ठेवल्या होत्या, एकावर एक, रचून. सुतळीचा छान गुंडा करून त्यांच्यावर ठेवला होता. रोपटी नव्हती. मी गुडघ्यांवर बसून राख चाळली. काळ्या काड्या हाताला लागल्या आणि बोटांत मोडल्या.

जुरीबाई तिच्या झाडाखालून आली. हात कोपरापर्यंत काळे, तोंडावर काजळी, आणि इतकी खूश! तिला मी तशी कधी पाहिली नव्हती.

"पाय," ती म्हणाली, म्हणजे पाहा. "कसं झालं?"

नंतर मला सगळं उमगलं. मोह पडायला लागण्याआधी बाईमाणूस आपल्या झाडाखालचा पाला जाळते. काळ्या जमिनीवर फूल उठून दिसतं, वेचायला सोपं जातं, विंचू-काटा राहत नाही. ज्याच्या झाडाखाली पाला तसाच, त्याच्या घरात करणारं कुणी नाही, असा त्याचा अर्थ. बुंध्याला गेरू लागला तेव्हाच गावानं ठरवलं होतं, की हे झाड आता या पोराचं. आणि पोर तर म्हणालं होतं, इथं माझं कोणी नाही. मग तिनं केलं. माझ्या आईनं केलं असतं, बहिणीनं केलं असतं, ते तिनं केलं. सुतळी जळू नये म्हणून ती गुंडाळूनसुद्धा ठेवली.

पण त्या घटकेला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, शुद्ध मराठीत ओरडलो आणि तिला त्यातलं अक्षर कळलं नाही. ती बघत राहिली. चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला, आणि मला आजही वाटतं, की जळालेल्या रोपट्यांपेक्षा ते बघणं जास्त वाईट होतं. मी खाली बसलो. थोड्या वेळानं तीही बसली, लांब, आपल्या झाडाकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी महादूभाऊ सायकल ढकलत आले. झाड बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. एरवी गावातल्या मोहांखाली पाला जळायचा तिकडे ते काणाडोळा करायचे. पण हे गेरूच्या कड्याचं झाड होतं, खात्यानं कॉलेजला दिलेलं.

"हे कोणं केलं बाबू? नाव सांगा. वरती कळवा लागन मले. जो कोणी असन तो चांद्याच्या कोर्टात उभा राहीन, सांगून ठेवतो."

जुरीबाई तिथेच होती. तिच्या झाडाची पहिली फुलं पडली होती ती वाकून वेचत होती. कोर्ट हा शब्द तिला कळत असणार, कारण तिचा हात थांबला. पण ती पळाली नाही. मी तिच्याकडे पाहिलं. मला मोठेपणा करायचा नव्हता. खरंच सांगतो, एकच विचार आला: हिला नेलं तर उद्या सकाळी कोण येईल?

"मीच लावली," मी म्हणालो.

"तुमी?"

"चहा करत होतो. ठिणगी उडाली."

महादूभाऊंनी बुंध्याजवळच्या खुंट्यांच्या रचाईकडे पाहिलं. सुतळीच्या गुंड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ठिणगीनं दोरीबी गुंडाळली का?"

"हो."

त्यांनी डोकं खाजवलं. तिकडे जुरीबाईनं पुन्हा वेचायला सुरुवात केली. "मोठी गुणाची ठिणगी हाये," महादूभाऊ शेवटी म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकून गेले.

नागपूरला ही बातमी माझ्याआधी पोहोचली. आपल्याच चहाच्या चुलीनं आपलंच काम जाळणारा विद्यार्थी! कॉलेजात मला 'आगलाव्या' म्हणायला लागले आणि तेच नाव वर्ष संपेपर्यंत चिकटलं. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "ज्याला आपला विस्तव सांभाळता येत नाही, त्याच्या हाती मी जंगल कसं देऊ?" गंमत बघा, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. लहान मोह का दिसत नाहीत? कारण दर फागुनात कुणाची तरी आई, कुणाची तरी बहीण, झाडाखालची जमीन मायेनं स्वच्छ करते. मी ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, तुझ्या झाडाखालची कुणी केली? मी गप्प बसलो. सरांनी गोविंदला घेतलं. तो तापातून उठून आला होता, हुशारही होता. पुढे मोठा झाला. मला वाईट वाटलं का? वाटलं. पुष्कळ वर्षं वाटत होतं. आताही पावसाळ्यात सांधे दुखावेत तसं मधूनच वाटतं.

पण तो हंगाम मी सोडून आलो नाही, हेही सांगायला हवं. काम उरलं नव्हतं, जायला मोकळा होतो, तरी राहिलो. ओरडलो होतो त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहाटे दाराबाहेर टोपली ठेवलेली दिसली. जुनी, बांबूची, काठ उसवलेला. मी ती घेऊन झाडाखाली गेलो. अंधुक उजेडात काळ्या जमिनीवर फुलं पडली होती, आणि वरून आणखी पडत होती. माझ्या डोक्यावर, खांद्यावर, टप, टप. तिकडे जुरीबाई वाकलेली होती. तिनं मान वर केली नाही. मी वेचायला लागलो. बोटं चिकट झाली, कंबर मोडून गेली, वासानं डोकं जड झालं. अस्वल येतं म्हणून ती मधूनच हाऊ-हाऊ करून ओरडायची. मग मीही ओरडायचो. हळूहळू ती हसायला लागली. माझं ओरडणं ऐकून अस्वलालाही दया येईल, असं काहीसं ती म्हणाली असावी.

पंडुम झाला, म्हणजे गावानं नव्या मोहाची पूजा केली, तेव्हा मला बाहेरच्या बाजूला बसवलं, पण बसवलं. निघताना मी वाळलेली सगळी फुलं हातानं तिच्या पदरात घातली. हातानं दिल्यावर तिनं घेतली. थोडीशी तिनं परत माझ्या पिशवीत कोंबली, "मायले" म्हणाली. आईनं पिशवी उघडली आणि किंचाळलीच, "अरे मेल्या, दारूची फुलं आणली घरात!" मी ती चोरून, एकेक करून खाल्ली.

वर्षभर गिरणीच्या गादीवर बसलो. तो फागुन तिथेच कोंड्यात गेला. मग चांद्याला शाळेत मास्तरकी मिळाली, जीवशास्त्र शिकवायचं. मामा रुसले, पण सुटलो. चांद्यात ओळखीचं कुणी नव्हतं. खानावळीत जेवायचो आणि खोलीवर येऊन पडायचो. शिमग्याच्या सुट्टीत सगळे मास्तर आपापल्या गावी गेले. मी लाकडाच्या रिकाम्या ट्रकमध्ये बसलो आणि आलापल्लीला उतरलो. कुणी बोलावलं नव्हतं. जाऊन काय करणार होतो, तेही ठाऊक नव्हतं. झाड बघायचं होतं, एवढंच. आता पुन्हा पाला साचला असेल, त्याखाली कदाचित नवी रोपटी असतील, असं वाटत होतं.

सकाळी लवकर चालत गेलो. सागाची पानं पायांखाली वाजत होती. बुंध्यावरचा गेरू पावसानं पुसट झाला होता, पण कडं दिसत होतं.

पाला नव्हता. जमीन काळी होती, वाटोळी, स्वच्छ, कडा फांदीनं झोडपून नीट विझवलेल्या. आणि तिच्यावर फुलंच फुलं. आजची ताजी, त्याखाली कालची पिवळी पडलेली, त्याखाली परवाची तपकिरी, सडकी, मुंग्या लागलेली. चितळांचे खूर उमटले होते. माणसाचा हात कुठेच लागला नव्हता. हाकेच्या अंतरावर जुरीबाईचं झाड, त्याच्याखालची जमीनही काळी, पण एकूणएक फूल वेचलेलं.

ती तिथून आली. डोक्यावर भरलेली टोपली. थोडी वाकली होती, बाकी तीच. मला बघून तिला नवल वाटलं नाही. राग आला होता.

"आता आला?"

"बाई, तुम्ही का नाही नेलीत? एवढी सडली."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला चोर म्हणालो होतो.

"झाड तुहं," ती म्हणाली. "साफ मी करीन. वेचाचं तुहं तू पाय."

वर्षभर गिरणीत, मग चांद्याच्या खोलीत, मी समजत होतो की या जगात कुणी माझी वाट बघत नाही.

तिनं टोपली उतरवली, फुलं आपल्या पदरात ओतली, आणि रिकामी टोपली माझ्या पायाशी ठेवली.

"गेल्या सालीबी जाळली होती," जुरीबाई म्हणाली. "तू आलाच नाई."

मी खाली वाकलो आणि ताजी ताजी वेचायला लागलो.